मायलिनचा निळा रंग आणि एमआरआयचा आकडा

नागपुरात धंतोलीपासून रामदासपेठेपर्यंत एमआरआय सेंटरच्या पाट्यांना तोटा नाही. तिथून बाहेर पडणाऱ्या मेंदूच्या रिपोर्टात एक ओळ फार वेळा सापडते: 'नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज'. घरचे लोक ती ओळ घेऊन डॉक्टरांसमोर बसतात आणि विचारतात, म्हणजे नसांवरचं आवरण गेलं का? प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्या चित्रात नसतं. फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रावरचा पांढरा ठिपका म्हणजे त्या जागी पाण्याची स्थिती बदलली आहे, एवढंच. मायलिन, म्हणजे नसांवरचं ते आवरण, गेलं म्हणून बदलली, सूज आली म्हणून, की जुन्या इजेचा व्रण राहिला म्हणून, हे ठिपक्यावरून कळत नाही.

मायलिन खरोखर मोजायचं तर वेगळ्या पद्धती लागतात. अशा पद्धती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बऱ्याच निघाल्या. प्रत्येकीची परीक्षा मात्र एकाच रीतीने होते: मृत्यूनंतर मिळालेला मेंदू, किंवा उंदराचा मेंदू, आधी स्कॅन करायचा, मग तोच कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते तपासायचं. ही रीत योग्यच आहे. पण या परीक्षेत परीक्षकाचीही तपासणी व्हायला हवी, आणि ती फार थोड्या ठिकाणी होते. रंगवलेली काच म्हणजे सत्य आणि स्कॅन म्हणजे अंदाज, असं आपण धरून चालतो. काचेवरचा निळा रंग हाही अंदाजच असतो, आणि तो कुठे ढळतो हे माहीत नसेल तर दोन आकडे जुळले काय आणि न जुळले काय, हाती फारसं काही लागत नाही.

आधी स्कॅनला काय दिसतं ते बघू. मायलिन म्हणजे ॲक्सॉनभोवती, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूभोवती, गुंडाळलेले पेशीपटलाचे वेढे. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी घालतात. कोरड्या वजनातला ७० ते ८० टक्के भाग मेदाचा, बाकी प्रथिनांचा. एक वेढा दुसऱ्यापासून जेमतेम १० ते १२ नॅनोमीटरवर असतो. नेहमीच्या एमआरआयला हा मेद दिसतच नाही, कारण पटलात जखडलेल्या प्रोटॉनांचा (हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा) सिग्नल मिलिसेकंदाच्या आतच विरून जातो. म्हणून आडवाटेने जावं लागतं. एक वाट वेढ्यांच्या फटींत अडकलेल्या पाण्याची. हे पाणी कोंडलेलं असल्यामुळे त्याचा टी-२, म्हणजे सिग्नल विरण्याचा काळ, १० ते २० मिलिसेकंद भरतो, तर पेशींच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याचा ७० ते ९० च्या आसपास. १० मिलिसेकंदांच्या अंतराने ३२ एको (सिग्नलचे पडसाद) घेतले तर ही दोन पाणी वेगळी काढता येतात. ॲलेक्स मॅके यांच्या गटाने १९९४ साली जिवंत माणसाच्या मेंदूत हे करून दाखवलं. एकूण पाण्यातला या कोंडलेल्या पाण्याचा वाटा म्हणजे मायलिन वॉटर फ्रॅक्शन.

दुसरी वाट मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरची, वुल्फ आणि बलाबन यांनी १९८९ साली मांडलेली. पाण्याच्या फ्रीक्वेन्सीपासून एक-दोन किलोहर्ट्झ बाजूला पल्स द्यायची. मोकळ्या पाण्यावर तिचा थेट परिणाम जवळजवळ होत नाही. जखडलेल्या प्रोटॉनांवर होतो, आणि ते तो शेजारच्या पाण्याकडे पोचवतात. सिग्नल किती टक्के घटला, तो एमटीआर. याशिवाय टी-१ (सिग्नल पूर्वपदावर येण्याचा काळ) आहे, आर-२-स्टार (सिग्नल विरण्याचा वेग) आहे, डिफ्युजनचे, म्हणजे पाण्याच्या पसरण्याचे, आकडे आहेत, आणि २०११ पासून गाजलेलं टी-१ व टी-२ चित्रांचं गुणोत्तर आहे. हे शेवटचं स्वस्त आणि सोपं, पण त्याला एकक नाही. ते मुळात मेंदूच्या सालीचे, म्हणजे बाहेरच्या करड्या थराचे, नकाशे काढायला पुढे आलं. आतल्या, मायलिनने भरलेल्या पांढऱ्या भागात त्याला 'मायलिन मॅप' म्हणून खपवणं मला पटत नाही.

यातली एकही पद्धत मायलिनला हात लावत नाही, हे विदर्भातल्या कापूस उत्पादकाला फोड करून सांगावं लागणार नाही. खरेदी केंद्रावर कापसात मॉइश्चर मीटर खुपसतात. तो मोजतो विजेला होणारा विरोध आणि आकडा सांगतो ओलाव्याचा: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर गेला की गाडी परत. त्या मीटरवर भरवसा ठेवता येतो, कारण वाद झालाच तर नमुना ओव्हनमध्ये वाळवून वजन करता येतं. मायलिनच्या बाबतीत आपण रंगकामाला तो ओव्हन समजतो. प्रत्यक्षात रंगकाम हा दुसरा मीटर आहे.

हा दुसरा मीटर कसा चालतो ते जवळून बघण्यासारखं आहे. मायलिन रंगवायची कला जुनी. वायगर्ट यांची हिमॅटॉक्सिलिनची पद्धत १८८४ ची. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ती क्ल्यूव्हर आणि बरेरा यांची, १९५३ ची, लक्सॉल फास्ट ब्लूची. हा तांब्याच्या थॅलोसायनिन जातीचा रंग, अल्कोहोलमध्ये विरघळणारा. ९५ टक्के अल्कोहोलच्या एका लिटरमध्ये १ ग्रॅम पूड, वर १० टक्के ॲसिटिक ॲसिडचे ५ मिलिलिटर, आणि गाळून घ्यायचं. ॲसिड विसरलं तर रंग फिका चढतो. सेक्शन, म्हणजे पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप, १० ते १५ मायक्रॉन जाडीचे. पॅराफिन काढून ९५ टक्के अल्कोहोलपर्यंतच आणायचे, पाण्यात न्यायचे नाहीत, आणि ५६ ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर रंगात बुडवून ठेवायचे. बरणीचं झाकण घट्ट हवं. अल्कोहोल उडालं की रंगाचे कण काचेवर बसतात, आणि स्लाइड स्कॅनरवर ते कण मायलिन म्हणून मोजले जातात.

सकाळी बरणीतून निघालेली स्लाइड सगळीकडून निळी-हिरवी असते. करडा भाग कुठला, पांढरा कुठला, काही कळत नाही. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जास्तीचा रंग धुवायचा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग लिथियम कार्बोनेटचं ०.०५ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. त्यात काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट. लगेच ७० टक्के अल्कोहोल, आणि मग करड्या भागातून रंग उतरताना दिसू लागतो. पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा मायक्रोस्कोपखाली नजर, गरज वाटली तर पुन्हा कार्बोनेट. करडा भाग रंगहीन आणि पांढरा भाग ठसठशीत निळा झाला की थांबायचं. त्यानंतर पेशींसाठी क्रेसिल व्हायोलेट.

सगळा आकडा या थांबण्यात ठरतो. कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही, टेक्निशियनची नजर सांगते. पाच सेकंद जास्त झाले की सालीतले बारीक, विरळ तंतू आधी पुसले जातात. जाड गठ्ठ्यांना काहीच होत नाही, त्यामुळे स्लाइड वरवर अगदी सुंदर दिसते. पाच सेकंद कमी पडले तर करड्या भागावर निळी झाक राहते, आणि कॉम्प्युटर तिला प्रामाणिकपणे मायलिन समजतो. म्हणून एका मेंदूचे, निदान एका तुलनेचे, सगळे सेक्शन एकाच बरणीत, एकाच दिवशी, एकाच हाताने रंगवायला हवेत, आणि प्रत्येक बॅचमध्ये त्याच ओळखीच्या ब्लॉकची (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्याची) एक कंट्रोल स्लाइड हवीच. चांगल्या टेक्निशियनचं नाव असल्या अभ्यासांत सहसा तळटीपेत जातं. मला ते न्याय्य वाटत नाही, कारण आलेखातला अर्धा पसारा त्यांच्या मनगटात असतो.

आणि रंग चढण्याआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं. मेंदू बादलीत फॉर्मलिनमध्ये ठेवताना बेसिलर धमनीखालून दोरा ओवून तो उलटा टांगतात, नाहीतर तळाला टेकून चपटा होतो आणि पुढे स्कॅनशी जुळत नाही. फॉर्मलिन साधं पाणी घालून नको, बफर केलेलं हवं: बाजारातल्या फॉर्मलिनचे १०० मिलिलिटर, पाणी ९००, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. अख्खा मेंदू पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. फॉर्मलिन बाहेरून आत झिरपतं, त्यामुळे साल पक्की झालेली असते तेव्हा गाभा अजून कच्चा असतो. या काळात टी-१ आणि टी-२ दोन्ही घटतात, डिफ्युजन मंदावतं. घाईने स्कॅन केला तर कडेपासून मध्यापर्यंत एक वलय दिसतं. ते मायलिनचं नसतं, फॉर्मलिनच्या वाटचालीचं असतं.

स्कॅनच्या आधी फॉस्फेट बफरमध्ये काही दिवस धुतलं की मोकळं फॉर्मलिन निघून टी-२ बराचसा सावरतो. पूर्वपदावर मात्र येत नाही. जिवंत मेंदूत कोंडलेलं पाणी वेगळं काढताना ४० मिलिसेकंदांची रेघ ओढतात, तिच्याखालचं ते मायलिनचं. तीच रेघ फॉर्मलिनने पक्क्या केलेल्या मेंदूला लावली तर साधं पाणीही मायलिनच्या खात्यात जमा होतं. आधी टी-२ चा आलेख काढून दोन उंचवट्यांमधली दरी कुठे आहे ते बघावं आणि रेघ तिथे ओढावी. मेंदूभोवती पाण्याऐवजी हायड्रोजन नसलेलं परफ्लुओरोपॉलिएथर भरतात, म्हणजे बाजूचा सिग्नलच येत नाही. ते महाग पडतं, पण वापरण्यासारखं आहे. खाचांमधले हवेचे बुडबुडे व्हॅक्यूम लावून काढावे लागतात. एक बुडबुडा राहिला तरी भोवतीचं आर-२-स्टार वाया गेलं.

नागपूरच्या मे महिन्याचा विचार या कामात वेगळा करावा लागतो. बाहेर ४५ अंश, कॉरिडॉरमध्ये ३८-४०, स्कॅनरची खोली २०-२२. ऊतीचा टी-१ तापमानाच्या दर अंशाला साधारण एक-दोन टक्के सरकतो. मेंदूचा डबा आणला आणि तसाच स्कॅनरच्या कॉइलमध्ये ठेवला, तर स्कॅनच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा एकमेकांशी बोलणार नाहीत. डबा आदल्या रात्रीच स्कॅनरच्या खोलीत नेऊन ठेवावा, आणि तापमान लिहून ठेवावं. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे कापण्या-रंगवण्याच्या, बाजूला उन्हाळा आणखी त्रास देतो. ५६ अंशांचं पॅराफिन उकाड्यात मऊ पडतं, कापांची रिबन दबते, सुरकुतते, आणि मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) १० मायक्रॉन लावले असले तरी प्रत्यक्षात कधी ९, कधी १२ निघतात. ५८ ते ६० किंवा त्याहून वरच्या वितळबिंदूचं पॅराफिन घ्यावं, ब्लॉक बर्फावर ठेवून कापावेत, आणि लिथियम कार्बोनेटचं द्रावण नळाच्या तापत्या पाण्याने कधीच करू नये. तापमान बदललं की रंग उतरण्याचा वेगही बदलतो.

जाडीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. काचेवरची निळाई मोजतात ती ऑप्टिकल डेन्सिटीने: रिकाम्या काचेतून आलेला प्रकाश भागिले सेक्शनमधून आलेला प्रकाश, त्याचा लॉगॅरिदम. सेक्शन २० टक्के जाड निघाला तर निळाई साधारण तेवढीच वाढते, आणि मायलिन तितकंच राहतं. त्यासाठी रिकाम्या जागेची प्रतिमा आधी घ्यावी लागते, कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद ठेवावं लागतं, आणि जेपेग टाळावं लागतं. अँटिबॉडीने केलेल्या रंगकामात हा हिशेबच बसत नाही. एमबीपी किंवा पीएलपी या मायलिनच्या प्रथिनांवर अँटिबॉडी लावून शेवटी डीएबीचा तपकिरी थर बसवतात. तो प्रकाश नुसता शोषत नाही, विखुरतोही, आणि गडदपणा प्रथिनाच्या प्रमाणात वाढत नाही. तिथे किती क्षेत्र रंगलं एवढं मोजावं, किती गडद हे नाही. तरीही डीएबीच्या गडदपणाचे आकडे छापून येतच राहतात, आणि ते थांबायला हवं.

याहून खोल अडचण प्रोसेसिंगची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ब्लॉक करण्यासाठी ऊती चढत्या अल्कोहोलमधून आणि मग झायलीनमधून जाते. ही दोन्ही मेद विरघळवतात. कोलेस्टेरॉल आणि गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड या मायलिनमधल्या मेदांचा बराच भाग तिथेच वाहून जातो. लक्सॉल ब्लू उरलेल्या फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांच्या संयुगांना धरतो. आता मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा सिग्नल बघा: मेदांच्या कृत्रिम मिश्रणांवर झालेल्या प्रयोगांत त्या परिणामात सेरेब्रोसाइडचा वाटा ठळक दिसला होता. म्हणजे स्कॅनला जे जोरात दिसतं, त्यातलं बरंचसं काच रंगेपर्यंत शिल्लकच नसतं. दोघांचे आकडे तरीही जुळतात, कारण निरोगी मायलिनमध्ये हे घटक ठरावीक प्रमाणात एकत्र असतात. रोगात ते प्रमाण बिघडलं तर दोन मीटर वेगवेगळं सांगतील, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

मग जागा जुळवणं. एक मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या एका घनात, १० मायक्रॉनचे शंभर सेक्शन मावतात, आणि आपण त्यातला एक बघून अख्ख्या व्हॉक्सेलबद्दल बोलतो. निदान चार-पाच सेक्शन अंतराअंतराने घेऊन सरासरी काढावी. मेंदूचे काप स्कॅनच्या पातळीतच पडावेत म्हणून स्कॅनवरून साचा छापून त्यात मेंदू बसवतात. साचा नसेल तर कापताना प्रत्येक पृष्ठभागाचा फोटो घ्यावा. प्रोसेसिंगमध्ये ऊती आक्रसते, करडा भाग आणि पांढरा भाग वेगवेगळ्या मापाने, म्हणून नुसतं मोठं करून भागत नाही, ताणून-वाकवून बसवावं लागतं. मेंदूची साल दोन ते चार मिलिमीटर जाड. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की थरांचा सगळा तपशील पुसला गेला.

एवढं करून शेवटी बिंदू मांडले जातात आणि आर-स्क्वेअर, म्हणजे दोन्हीकडचे आकडे किती जुळतात त्याचं माप, येतो. या आकड्याकडे मी नेहमी संशयाने बघतो, कारण तो वाढवायला फार सोपा आहे. करडा आणि पांढरा भाग एकाच आलेखात घातला की बिंदूंचे दोन पुंजके पडतात आणि रेघ आपोआप सुरेख बसते. पाण्याचं एकूण प्रमाण मोजलं तरी बसेल, कारण दोन्ही भागांत तेही वेगळं असतं. खरी परीक्षा फक्त पांढऱ्या भागातल्या बिंदूंवर, किंवा फक्त सालीतल्या. तिथे आर-स्क्वेअर टिकला तर लक्ष द्यावं. तीन मेंदूंमधून साठ जागा घेतल्या तर नमुने साठ होत नाहीत. एका मेंदूतल्या जागा एकमेकींची सावली असतात, आणि हिशेबात ते धरणारं मॉडेल लागतं. आणखी एक गोष्ट रेघेच्या टोकाला दडलेली असते: मायलिन शून्य असताना स्कॅनचा आकडा किती? एमटीआर तिथे शून्य होत नाही, कारण जखडलेले प्रोटॉन फक्त मायलिनमध्ये नसतात. रेघेचा उतार आणि हा छेद न सांगता नुसता आर-स्क्वेअर देणारा पेपर अर्धवट आहे.

रोगी ऊतीत आणखी गुंते होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या रोगाच्या ताज्या डागात तुटलेलं मायलिन मॅक्रोफेजच्या, म्हणजे सफाई करणाऱ्या पेशींच्या, पोटात असतं. ते लक्सॉल ब्लूने निळं दिसतं, आणि त्यातले थर शाबूत असतील तर कोंडलेल्या पाण्याचा सिग्नलही देतं. इथे दोन्ही मीटर एकमताने चुकतात. शेजारच्या सेक्शनवर मॅक्रोफेजसाठी सीडी-६८ लावल्याशिवाय हे उघड होत नाही. लोहाचं उलट. ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये लोह भरपूर, आणि लोहाने आर-२-स्टार वाढतो, म्हणून तो आणि मायलिन सालीत हातात हात घालून चालतात, आणि आपल्याला वाटतं मायलिनच मोजलं. पर्ल्स यांच्या प्रशियन ब्लूने रंगवलेला एक सेक्शन जोडीला हवाच. डिफ्युजनबद्दल एकच उदाहरण पुरेसं आहे: गारफिश माशाच्या वास घेणाऱ्या नसेत मायलिन नसतं, तरी पाणी तंतूंच्या दिशेनेच जास्त पसरतं, हे १९९४ सालीच दाखवलं गेलं होतं. एफए (पाणी एकाच दिशेने पसरण्याचं माप) घटला की मायलिन गेलं, असं रिपोर्टात लिहिण्याआधी तो मासा आठवावा.

२०२० च्या सुमाराला हे सगळे तुलनात्मक अभ्यास एकत्र करून बघितले गेले. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर आणि मायलिन वॉटर या पद्धती डिफ्युजनपेक्षा साधारण बऱ्या दिसल्या, पण निर्विवाद पहिला नंबर कोणाचाच आला नाही, आणि अभ्यासाअभ्यासांतला फरक मोठा निघाला. मला त्यात नवल वाटत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची लिथियम कार्बोनेटची बरणी वेगळी आहे.

इथे कुणी हे काम हाती घेणार असेल, तर पहिले काही महिने माणसाच्या मेंदूला हात न लावणं बरं. मटणाच्या दुकानात बकऱ्याचा भेजा सकाळी ताजा मिळतो, कापून तास-दोन तासही झालेले नसतात. तो बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये ठेवावा, पातळ काप करून ब्लॉक करावेत. एकाच ब्लॉकमधून ५, ८, १०, १२ आणि १५ मायक्रॉनचे सेक्शन काढावेत, प्रत्येकी तीन, सगळे एकाच बरणीत रंगवावेत, आणि एकाच पांढऱ्या भागाची ऑप्टिकल डेन्सिटी जाडीसमोर मांडावी. मग १० मायक्रॉनचेच सेक्शन घेऊन कार्बोनेटमध्ये १०, २०, ३० आणि ४० सेकंद ठेवून बघावं, निळाई किती उतरते आणि बारीक तंतू कुठल्या सेकंदाला दिसेनासे होतात. हे सगळं एकदा जानेवारीत करावं आणि एकदा मे महिन्यात. जाडीची रेघ सरळ येत नसेल, किंवा दोन ऋतूंच्या रेघा एकमेकींवर बसत नसतील, तर स्कॅनरची वेळ अजून मागू नये.